विमानं, इंजिनं आणि क्षेपणास्त्रं बनवणारी कंपनी कशी वाचावी: धंदा आणि धोके समजून घेण्याची पद्धत

नॉर्थ्रप ग्रमन ही कंपनी अमेरिकी हवाई दलासाठी बी-२१ हे बॉम्बफेकी विमान बनवते. कंत्राट २०१५ चं. गिऱ्हाईक जगातलं सर्वात मोठं संरक्षण खातं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये विमानाचं पहिलं उड्डाणही व्यवस्थित पार पडलं. तरीही त्याच तिमाहीच्या हिशेबात कंपनीला या विमानापोटी १.५६ अब्ज डॉलरचा तोटा नोंदवावा लागला. सुरुवातीच्या तुकड्यांच्या किमती कित्येक वर्षं आधीच ठरून गेल्या होत्या. मधल्या काळात मजुरी आणि साहित्य महागलं, आणि तो वाढीव खर्च कंपनीच्या अंगावर आला.

सरकार गिऱ्हाईक आहे म्हणजे पैसा सुरक्षित, असं धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावं. सरकार पैसे बुडवत नाही हे खरं, पण ठरल्यापेक्षा जास्तही देत नाही. अशा कंपनीचा अभ्यास करताना माझ्या मते एकच प्रश्न सतत हातात धरावा: खर्च वाढला तर तो कोण भरणार? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात. शेअर घेण्याआधी अभ्यास करणाऱ्याला त्या उपयोगी पडतील, तशाच अशा कंपनीला सुटे भाग पुरवू पाहणाऱ्या छोट्या उद्योजकालाही.

सामग्री फार लागत नाही. कंपनीचे गेल्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल, शेवटच्या चार तिमाहींचे निकाल आणि एक कोरी स्प्रेडशीट. अमेरिकी कंपनी असेल तर तिचा ‘टेन-के’ हा वार्षिक अहवाल शेअर बाजार नियामकाच्या ‘एडगर’ या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात व्यवसायाचं वर्णन, जोखमींचं प्रकरण आणि हिशेबाच्या टिपा असतात. चकचकीत छायाचित्रांचा अहवाल बाजूला ठेवून हा साधा, लांबलचक दस्तऐवज वाचा.

पायरी १: कंपनीचे तुकडे पाडा

विविध क्षेत्रांत पसरलेल्या कंपनीची एकूण विक्री फारसं काही सांगत नाही. जनरल डायनॅमिक्सचं उदाहरण घ्या. २०२४ ची विक्री ४७.७ अब्ज डॉलर. त्यातले सुमारे ११.२ अब्ज गल्फस्ट्रीम ही खासगी जेट विमानं आणि त्यांच्या सेवेतून आले, १४.३ अब्ज पाणबुड्या आणि जहाजांतून, ९ अब्ज रणगाडे, चिलखती वाहनं आणि दारूगोळ्यातून, आणि उरलेले १३.१ अब्ज माहिती-तंत्रज्ञान व इलेक्ट्रॉनिक्समधून. एकाच नावाखालचे हे चार वेगळे धंदे आहेत. गल्फस्ट्रीम घेणारी कंपनी आपला नफा आणि शेअर बाजार पाहून निर्णय घेते. पाणबुडीचा निर्णय संसदेत होतो आणि तो पुढची वीस वर्षं चालतो.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक विभागापुढे तीन गोष्टी लिहा: पैसे कोण देतं, खरेदीचा निर्णय कशावर ठरतो, आणि सर्वात मोठ्या एका कार्यक्रमाचा वाटा किती. तिसरा रकाना बहुतेक लोक सोडून देतात. लॉकहीड मार्टिन रडार, क्षेपणास्त्रं, हेलिकॉप्टर आणि उपग्रह बनवते, पण तिच्या विक्रीचा साधारण चौथा हिस्सा एकट्या एफ-३५ या लढाऊ विमानातून येतो. त्या विमानाची सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार नव्हती म्हणून जुलै २०२३ ते जुलै २०२४ असं वर्षभर सरकारने नवी विमानं ताब्यात घेतली नाहीत. तयार विमानं उभी राहिली आणि त्यांच्यापोटीचे काही पैसे अडकले.

मग खरी परीक्षा: कोणते धक्के दोन विभागांना एकाच वेळी बसतील? कंपन्या ‘आमचा धंदा संतुलित आहे’ असं आवर्जून सांगतात, पण संतुलन कागदावर मोजता येत नाही, ते वाईट वर्षात दिसतं. टेक्स्ट्रॉनकडे सेस्ना जेट, बेल हेलिकॉप्टर, औद्योगिक उत्पादनं आणि कर्ज देणारी वित्तशाखा असं सगळं होतं. २००८-०९ च्या मंदीत जेटच्या ऑर्डरी रद्द होऊ लागल्या, आणि नेमक्या त्याच वेळी कर्जबाजार आटल्याने वित्तशाखाही संकटात आली. दोन्हींचं मूळ एकच होतं: सैल पतपुरवठा. कंपनीने वित्तशाखेचा मोठा भाग गुंडाळायला घेतला आणि सेस्नाने कोलंबस हे नवं मोठं जेट २००९ मध्ये सोडून दिलं. संरक्षण कंत्राटांनी कंपनीला तारलं, पण विभाग वेगळे म्हणून धक्के वेगळे, असं मात्र झालं नाही.

म्हणून विभागांच्या खाली आणखी एक ओळ जोडा, सामायिक गोष्टींची: तेच टायटॅनियम, तेच ओतकाम आणि घडाईचे पुरवठादार, तेच कुशल वेल्डर, तीच संसद, तेच चलन. ही ओळ जितकी लांब, तितकं वैविध्य पातळ.

पायरी २: ऑर्डर बुक मोजा, मग त्याचं वय विचारा

हातात असलेल्या पण अजून पूर्ण न झालेल्या कामाचा आकडा, म्हणजे बॅकलॉग, प्रत्येक निकालात ठळक छापलेला असतो. २०२४ अखेर लॉकहीडचा बॅकलॉग १७६ अब्ज डॉलर होता आणि वर्षाची विक्री ७१ अब्ज, म्हणजे जवळपास अडीच वर्षांचं काम. जनरल डायनॅमिक्सचा ९०.६ अब्ज, म्हणजे दोन वर्षांपेक्षा थोडं कमी. हा भागाकार करून ठेवाच.

पण आकड्यात काय धरलंय ते टिपांमधून तपासा. सरकारी कामात ‘निधी मंजूर’ आणि ‘निधी अजून मंजूर नाही’ असे दोन भाग असतात: कंत्राट झालंय, पण संसदेने अजून पैसे दिलेले नाहीत, असं दुसऱ्याचं स्वरूप. त्यापलीकडे पर्याय (सरकारला हवं तर पुढे घेता येणारं काम) आणि कमाल मर्यादेची कंत्राटं (ज्यांत फक्त वरची मर्यादा ठरते, ऑर्डरी नंतर येतात) असतात. जनरल डायनॅमिक्स हा भाग वेगळा सांगते. तो धरला तर तिचा २०२४ चा एकूण आकडा १४४ अब्ज डॉलरवर जातो. बातमीत मोठा आकडा येतो, हिशेबाला छोटा धरावा. नागरी बाजूला विमान कंपन्यांच्या ऑर्डरी अनामत भरून पक्क्या होतात, पण वाईट काळात त्या रद्द होण्याआधी पुढे ढकलल्या जातात. बॅकलॉग तेवढाच दिसतो आणि कारखाना रिकामा पडतो.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. अंदाजपत्रक वेळेत मंजूर झालं नाही तर जुन्या पातळीवर खर्च चालू ठेवणारा तात्पुरता ठराव होतो, आणि त्यात नवे कार्यक्रम सहसा सुरू करता येत नाहीत. २०२५ मध्ये तर १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाजच बंद होतं. कंपनी बुडत नाही, पण ऑर्डर एका तिमाहीतून दुसरीत सरकते.

आता वयाचा प्रश्न. ऑर्डर कोणत्या वर्षीच्या भावाने घेतली आहे? २०१५ ते २०२० दरम्यान ठरलेल्या किमतीवर २०२३ मध्ये माल द्यायचा असेल, तर तेच मोठं ऑर्डर बुक ओझं बनतं. बी-२१ चं दुखणं हेच होतं. जुनी कंत्राटं किती राहिली आणि कधी संपणार, हे व्यवस्थापनाच्या तिमाही चर्चेत जवळजवळ नेहमी विचारलं जातं; ते उत्तर शोधून लिहून ठेवा.

पायरी ३: कंत्राटाचा प्रकार ओळखा

इथे घाई करू नका. अहवालात विक्रीची विभागणी ‘निश्चित किंमत’, ‘खर्च अधिक शुल्क’ आणि ‘वेळ व साहित्य’ अशी दिलेली असते.

खर्च अधिक शुल्क या प्रकारात मान्य झालेला खर्च सरकार भरतं आणि वर ठरलेलं शुल्क देतं. अमेरिकी नियमांत निश्चित शुल्काला मर्यादा आहे: संशोधन-विकासाच्या कामात अंदाजित खर्चाच्या १५ टक्के, इतर बहुतेक कामांत १० टक्के. नफा बेताचा, धोका कमी. निश्चित किमतीत वाचवलेला प्रत्येक डॉलर कंपनीचा आणि उधळलेलाही कंपनीचाच. या दोन्हींच्या मधे प्रोत्साहनाची कंत्राटं येतात. समजा लक्ष्य खर्च १०० कोटी डॉलर, लक्ष्य नफा १० कोटी, वाढीव खर्च निम्मा-निम्मा, आणि किमतीची कमाल मर्यादा १२० कोटी. खर्च ११० झाला तर नफा ५ वर येतो आणि सरकार ११५ देतं. खर्च १२० झाला तर नफा शून्य. त्यापुढचा सगळा बोजा एकट्या कंपनीवर. ‘प्रोत्साहन’ हा शब्द दिसला तरी ही मर्यादा कुठे आहे हे कळल्याशिवाय निश्चिंत होऊ नका.

सर्वात घातक जोडी कोणती असं विचाराल तर मी नि:शंक सांगेन: निश्चित किंमत आणि नवं विकासकाम. अजून न बनलेल्या वस्तूचा खर्च कोणालाच माहीत नसतो, तरी त्याची किंमत सही करून देऊन टाकायची. बोइंगने २०११ मध्ये केसी-४६ या हवेत इंधन भरणाऱ्या विमानाचं काम ४.९ अब्ज डॉलरच्या मर्यादेवर घेतलं. मूळ विमान बोइंगचंच प्रवासी विमान ७६७, म्हणजे ओळखीचं. प्रतिस्पर्धी एअरबसचा गट, म्हणून भाव कमी लावलेला. पहिलं विमान जानेवारी २०१९ मध्ये हवाई दलाला मिळालं आणि या कार्यक्रमावर बोइंगचा एकूण तोटा पुढे ७ अब्ज डॉलरच्या वर गेला. एअरबसची कहाणीही निराळी नाही. २००३ मध्ये सात देशांसाठी १८० ए४००एम मालवाहू विमानं सुमारे २० अब्ज युरोत, विकासासह, द्यायचं ठरलं. इंजिनही नवं, विमानही नवं. त्यातून अब्जावधी युरोंचे तोटे निघाले आणि २०१० मध्ये ग्राहक देशांना ३.५ अब्ज युरोंची मदत मान्य करावी लागली.

म्हणून कंपनीने कोणती निविदा जिंकली याइतकंच कोणती भरली नाही हेही नोंदवा. जुलै २०२३ मध्ये नॉर्थ्रपने हवाई दलाच्या पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी मुख्य कंत्राटदार म्हणून बोली लावणार नाही असं जाहीर केलं. अशी माघार मला शिस्तीची खूण वाटते. ऑर्डर बुक फुगवण्याचा मोह टाळणारं व्यवस्थापन या उद्योगात दुर्मीळ आहे.

कंत्राट संपुष्टात येण्याचे दोन मार्ग असतात. ‘सरकारच्या सोयीसाठी’ संपवलं तर झालेला खर्च आणि वाजवी नफा मिळतो. ‘कसूर केली’ म्हणून संपवलं तर दिलेले पैसेही परत मागितले जातात. ए-१२ हे नौदलाचं विमान जानेवारी १९९१ मध्ये दुसऱ्या मार्गाने रद्द झालं. मॅकडॉनल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स न्यायालयात गेल्या, आणि तो वाद तडजोडीने मिटला जानेवारी २०१४ मध्ये, तेवीस वर्षांनी. तोवर मॅकडॉनल डग्लस ही कंपनीच बोइंगमध्ये विलीन झालेली होती.

पायरी ४: नफा हा अंदाज आहे, तो अंदाज तपासा

लांब मुदतीच्या कामात माल हातात दिल्यावर नफा मोजत नाहीत. एकूण अपेक्षित खर्चापैकी किती झाला, त्या प्रमाणात विक्री आणि नफा दरवर्षी धरतात. म्हणजे सगळा नफा ‘काम पूर्ण होईपर्यंत एकूण खर्च किती येईल’ या एका अंदाजावर उभा असतो. या अंदाजाला उद्योगात ईएसी म्हणतात.

आकड्यांनी पाहू. कंत्राटाची किंमत १०० कोटी डॉलर, अपेक्षित खर्च ९०, म्हणजे अपेक्षित नफा १०. पहिल्या वर्षी ४५ खर्च झाले: काम अर्धं, विक्री ५०, नफा ५. दुसऱ्या वर्षी कळलं की एकूण खर्च ९६ येणार. वर्षअखेर एकूण ७२ खर्च झालेले, म्हणजे काम ७५ टक्के. आता एकूण अपेक्षित नफा फक्त ४, त्याच्या ७५ टक्के म्हणजे ३. पण पहिल्या वर्षी ५ आधीच दाखवून झालेत. म्हणून दुसऱ्या वर्षी २५ कोटींच्या विक्रीवर २ कोटींचा तोटा येतो. कंत्राट अजून फायद्यातच आहे! आणि समजा अंदाज ९६ ऐवजी १०४ वर गेला असता, तर संपूर्ण ४ कोटींचा भावी तोटा त्याच दिवशी नोंदवावा लागला असता, आधीचे ५ उलटले असते, आणि त्या वर्षाचा फटका ९ कोटींचा झाला असता. खर्च वाढला जेमतेम १६ टक्के.

एका तिमाहीत अचानक मोठे तोटे का येतात याचं उत्तर या गणितात आहे. लॉकहीडने २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत एका गोपनीय विमान कार्यक्रमावर सुमारे ९५ कोटी डॉलर, कॅनडाच्या नौदल हेलिकॉप्टरांवर ५७ कोटी आणि तुर्कीच्या हेलिकॉप्टर कार्यक्रमावर ९.५ कोटी डॉलरचा फटका एकाच वेळी दाखवला. गोपनीय कामाबद्दल बाहेरच्या माणसाला काहीही तपासता येत नाही, हा या धंद्यातला कायमचा अंधारा कोपरा. विक्रीत असं काम किती हे अहवालात सांगितलं असेल तर लिहून ठेवा.

तुम्ही करायचं ते असं. टिपांमध्ये ‘कंत्राटांच्या अंदाजातील बदल’ हा परिच्छेद शोधा. जुन्या कामांचे अंदाज सुधारल्याने नफा किती वाढला आणि बिघडल्याने किती घटला, ते पाच वर्षांचं मांडा. वाढीचा आकडा दरवर्षी मोठा असेल तर एक शक्यता अशी की कंपनी आधी सावध अंदाज धरते आणि शेवटी राखीव मोकळी करते, ते चांगलं. पण हा आकडा आटत चालला असेल, तर राखीव संपत आली आहे. नफा घसरण्याआधी बहुतेक वेळा हीच खूण दिसते, म्हणून मी सर्वात आधी हे पान उघडतो.

अंदाजाच्या पोटात आणखी एक गृहीतक असतं, हात बसण्याचं. अमेरिकी विमान अभियंते टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये दाखवलं की विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की सरासरी श्रम सुमारे २० टक्क्यांनी उतरतात. एका विमानाला १,००,००० तास लागत असतील तर दोनांची सरासरी ८०,००० वर येते, चारांची ६४,००० वर, आठांची ५१,२०० वर. पण ही घसरण आपोआप होत नाही. अनुभवी कामगार निवृत्त झाले, उत्पादनात खंड पडला, आराखडा मधेच बदलला की रेषा सपाट होते, आणि तिच्यावर लावलेली किंमत तोट्यात जाते.

पायरी ५: रोख पैसा नफ्याशी जुळतो का

वहीतला नफा आणि हातातली रोकड यांत वर्षावर्षांचं अंतर पडू शकतं. ताळेबंदात तीन ओळी पाहा: कंत्राटी मालमत्ता, म्हणजे काम झालंय पण बिल लावता आलेलं नाही, ग्राहकांचे आगाऊ पैसे, आणि साठा. विक्रीपेक्षा कंत्राटी मालमत्ता वेगाने वाढत असेल तर एखादा टप्पा अडकला आहे किंवा ग्राहकाशी किमतीचा वाद सुरू आहे. साठा वाढण्यामागे निरुपद्रवी कारणही असू शकतं. गल्फस्ट्रीम जी७०० च्या पहिल्या डिलिव्हरी २०२३ मध्ये अपेक्षित होत्या, प्रमाणपत्र मिळालं मार्च २०२४ मध्ये; तोवर तयार विमानं साठ्यातच राहिली. फरक एवढाच, की अशा साठ्यामागे ठरलेला ग्राहक उभा असतो.

आगाऊ रकमांनी फसू नका. ऑर्डरींचा ओघ असेपर्यंत रोकड उत्तम दिसते. ओघ थांबला की जुन्या आगाऊ रकमेचं काम करून द्यावं लागतं आणि नवे पैसे येत नाहीत.

पायरी ६: विक्रीनंतरची कमाई

इंजिन उद्योगात नवं इंजिन अनेकदा अगदी कमी भावात, कधी तोट्यातही दिलं जातं, आणि कमाई पुढच्या पंचवीस-तीस वर्षांच्या सुट्या भागांतून व दुरुस्तीतून होते. त्यापुढचं पाऊल म्हणजे उड्डाणाच्या तासाप्रमाणे शुल्क. ब्रिस्टल सिडलीने १९६२ मध्ये व्हायपर इंजिनासाठी ही पद्धत आणली, आणि पुढे रोल्स-रॉइसने तिच्यावर आपला नागरी धंदा उभा केला. विमान उडालं तर पैसे. २०२० मध्ये लांब पल्ल्याची विमानं जमिनीवर आली आणि रोल्स-रॉइसची रोकड वाहून गेली.

या पद्धतीत टिकाऊपणाचा धोकाही निर्मात्याकडे येतो. प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनात चकत्यांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष निघाला. जुलै २०२३ मध्ये तो जाहीर झाला, आणि सप्टेंबरमध्ये मूळ कंपनी आरटीएक्सने सांगितलं की आणखी ६०० ते ७०० इंजिनं तपासणीसाठी काढावी लागतील, फटका सुमारे ३ अब्ज डॉलर. सदोष भाग २०१५ च्या अखेरपासून २०२१ पर्यंतच्या उत्पादनातले होते. दोष कारखान्यात शिरला त्या वर्षांचे अहवाल सुरेखच दिसले असणार. एमटीयू या जर्मन भागीदारालाही आपल्या वाट्याचा बोजा उचलावा लागला. भागीदारीत नफा वाटला जातो तसा दोषही.

विभागाची विक्री ‘नवी उत्पादनं’ आणि ‘सेवा’ अशी वेगळी करा, आणि वॉरंटीची तरतूद विक्रीच्या किती टक्के आहे ते दरवर्षी लिहा.

पायरी ७: पुरवठादारांची साखळी, शेवटच्या खिळ्यापर्यंत

हा भाग अहवालात दोन परिच्छेदांत उरकतात, आणि प्रत्यक्षात कारखाने बंद पडतात ते इथेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एसपीएस टेक्नॉलॉजीज या कंपनीचा विमानांचे बोल्ट-फास्टनर बनवणारा कारखाना जळाला. बोल्ट स्वस्त असतो, पण प्रमाणित बोल्ट दुसरीकडून लगेच आणता येत नाही. नव्या पुरवठादाराच्या मंजुरीला महिने लागतात, कधी वर्ष. सप्टेंबर २०२२ मध्ये एफ-३५ च्या डिलिव्हरी काही आठवडे थांबल्या, कारण एका यंत्राच्या चुंबकात चिनी मिश्रधातू सापडला. तो भाग सुरक्षित होता, नियमात बसत नव्हता. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये चीनने समेरियम, डिस्प्रोशियमसारख्या दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि साखळीतलं हे सर्वात खालचं टोक अचानक सगळ्यांच्या लक्षात आलं. टायटॅनियमचंही तसंच: युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये बोइंगने रशियाच्या व्हीएसएमपीओ-एव्हिस्माकडून खरेदी थांबवली.

कागदपत्रांचा धोका वेगळा धरा. २०२३ मध्ये एका ब्रिटिश व्यापारी कंपनीने सीएफएम५६ इंजिनांचे भाग बनावट प्रमाणपत्रांसह विकल्याचं उघड झालं आणि जगभरातल्या विमान कंपन्यांना इंजिनं तपासावी लागली. या उद्योगात भागाची किंमत त्याच्या कागदात असते. माग तुटला की चांगला भागही भंगार.

अहवालात ‘एकमेव पुरवठादार’ हा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे खूण करा आणि तो भाग कोणत्या विभागांना लागतो ते पायरी १ च्या तक्त्याशी जोडा. कंपनी पुरवठादारांना आगाऊ पैसे देऊ लागली असेल तर तिकडे कोणीतरी अडचणीत आहे. बोइंगने २००५ मध्ये स्वतंत्र केलेली स्पिरिट एरोसिस्टिम्स ही विमानांचे सांगाडे बनवणारी कंपनी अशीच आधारावर चालत राहिली, आणि शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये बोइंगने तिचा मोठा भाग परत घेतला.

तुम्ही स्वतः पुरवठादार होऊ पाहत असाल तर हीच पायरी उलटी वाचा. लांब मुदतीच्या करारात कच्च्या मालाच्या भाववाढीचं कलम आहे का? नसेल तर मुख्य कंत्राटदाराचा निश्चित किमतीचा धोका तो तुमच्यावर ढकलतो आहे, आणि तो पेलण्याइतकी तुमची तिजोरी खोल नाही.

पायरी ८: नियामक आणि उत्पादनाचा वेग

नागरी विमानाला प्रमाणपत्र लागतं आणि ते मागे घेतलं जाऊ शकतं. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ जणांचे जीव गेले. त्यानंतर अमेरिकेत हे विमान नोव्हेंबर २०२० पर्यंत जमिनीवर होतं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच प्रकारच्या उडत्या विमानाच्या दाराच्या जागेचं झाकण निखळलं, आणि नियामकाने मासिक उत्पादनावर ३८ विमानांची मर्यादा घातली. ती ४२ वर गेली ऑक्टोबर २०२५ मध्ये. ऑर्डरी होत्या, कारखाना होता, पण वेग वाढवायला परवानगी नव्हती. गुणवत्तेचा प्रश्न नैतिक तर आहेच. हिशेबातही तो याच वाटेने उतरतो.

पायरी ९: कायदा, निर्यात, लाच

सरकारी खरेदीत किंमत ठरवताना खर्चाची खरी माहिती देणं अमेरिकेत १९६२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरटीएक्सने सदोष किंमत माहिती, कतारमधली लाच आणि निर्यात नियमांचा भंग या प्रकरणांत ९५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायचं मान्य केलं. एअरबसने जानेवारी २०२० मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेशी लाचखोरीच्या प्रकरणात ३.६ अब्ज युरोंची तडजोड केली. विदेशी विक्रीत मध्यस्थ असतील तर हा धोका कायमचा समजा.

राजकारणाचा फटका दोन्ही दिशांनी बसतो. तुर्कीने रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली म्हणून जुलै २०१९ मध्ये तिला एफ-३५ मधून काढलं. तुर्की ग्राहक होती, तशीच शेकडो सुट्या भागांची पुरवठादारही. गिऱ्हाईक गेलं आणि साखळीही नव्याने बांधावी लागली. अमेरिकी संरक्षण खात्याची सायबर सुरक्षेची नवी अटही नोव्हेंबर २०२५ पासून कंत्राटांत येऊ लागली आहे. छोट्या पुरवठादारांना तिचा खर्च जड जाईल.

पायरी १०: कामगार, आणि जुनी देणी

बोइंगचा सप्टेंबर २०२४ चा संप सात आठवड्यांहून जास्त चालला, सुमारे ३३,००० कामगार बाहेर होते. पुढच्याच वर्षी तिच्या सेंट लुइसच्या संरक्षण कारखान्यांत तीन महिन्यांचा संप झाला. कोणत्या संघटनेचा करार कधी संपतो याच्या तारखा अहवालात दिलेल्या असतात. त्या कॅलेंडरवर टाका.

जुन्या देण्यांत निवृत्तिवेतन, जुन्या कारखान्यांखालचं प्रदूषण आणि गुडविल (दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेहून जास्त दिलेली किंमत) येतात. गुडविल फुगलेलं असेल तर विमानांचे धातूचे भाग बनवणारी प्रिसिजन कास्टपार्ट्स आठवा: बर्कशायर हॅथवे या गुंतवणूक कंपनीने २०१६ मध्ये ती घेतली आणि २०२० मध्ये तिच्यापोटी जवळपास १० अब्ज डॉलर वहीतून उतरवले. बर्कशायरचे तेव्हाचे प्रमुख वॉरन बफे यांनी किंमत जास्त दिल्याचं भागधारकांना उघड सांगितलं.

पायरी ११: सगळं एकत्र आणा

आधी एक ताण चाचणी. निश्चित किमतीचा सर्वात मोठा कार्यक्रम निवडा, त्यात उरलेल्या खर्चाचा ढोबळ अंदाज करा, आणि तो १० टक्क्यांनी वाढवा. उरलेला खर्च ४०० कोटी असेल तर वाढ ४० कोटी. त्या विभागाचा वर्षाचा नफा ६० कोटी असेल तर दोन-तृतीयांश गेला. असाच प्रयोग नागरी विक्री ३० टक्क्यांनी घटवून करा, आणि मग दोन्ही एकाच वर्षी झाले असं धरा. त्या वर्षी किती कर्ज फेडायचं आहे ते बाजूला लिहा. कंपनी या चौकटीतून जिवंत बाहेर येते का, एवढं पाहायचं.

मग जोखमींचं प्रकरण. ते सलग वाचू नका, कंटाळा येईल आणि सगळे धोके सारखेच वाटू लागतील. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा मजकूर समोरासमोर ठेवा आणि फक्त बदललेली वाक्यं वाचा. ‘होऊ शकतं’ याच्या जागी ‘झालं आहे’ आलं का? एखाद्या कार्यक्रमाचं नाव पहिल्यांदाच आलं का? वकिलांनी शब्द बदलला असेल तर त्यामागे काहीतरी घडलेलं असतं.

पुढे दर तिमाहीला पूर्ण अभ्यासाची गरज नाही. निकाल आला की आधी अंदाजातील बदलांचा परिच्छेद, मग कंत्राटी मालमत्ता, मग बॅकलॉग, आणि शेवटी प्रति शेअर नफा, याच क्रमाने वाचा.